बदकाचं तिकीट

आत्ताच घरी आलो. बुटांवर अजून चिखल आहे, पण हे लिहिल्याशिवाय आंघोळीला जायचो नाही.

सकाळी आम्ही पाच जण अमेरिकेत न्यू जर्सीतल्या फोर्साइथ रेफ्यूजला, म्हणजे पाणपक्ष्यांच्या अभयारण्यात, गेलो होतो. स्नो गीजचे थवेच्या थवे, थापट्या, तलवार बदकं. डोळे निवले. तिथे गाडीमागे ४ डॉलर भरावे लागतात. माझ्याकडे डक स्टॅम्प होता, म्हणजे बदकाचं चित्र असलेलं सरकारी तिकीट, म्हणून लागले नाहीत. तर मागच्या सीटवरून एका मित्राचा आवाज आला, "शिकाऱ्यांचं लायसन्स घेऊन फिरतोस? त्या खाटकांच्या फंडात मी एक सेंट देणार नाही." आणि मांडीवर हजारो डॉलरची लेन्स!

तेव्हा गप्प बसलो. आता बसवत नाही.

माझा इथला पहिलाच हिवाळा होता. ह्याच पार्किंगमध्ये, उजाडता उजाडता, एक म्हातारा शिकारी पाण्यातून परत आला. छातीपर्यंत रबरी पँट, शेजारी भिजून थरथरणारा लॅब्राडोर, हातात तीन मेलेली बदकं. मी तोंड फिरवलं. त्याच्या ते लक्षात आलं. जवळ येऊन त्याने थर्मासच्या झाकणात मला कॉफी ओतून दिली आणि पाकिटातून हेच तिकीट काढून दाखवलं. त्यावर शाईने केलेली त्याची सही, बदकाच्या चित्रावरून आरपार गेलेली. म्हणाला, "सोळाव्या वर्षापासून दरवर्षी घेतोय. तू उभा आहेस तसल्या जमिनी ह्या पैशातून घेतात. तू किती दिलेस?"

काय सांगणार? शून्य.

१९३४ साली इथे अमेरिकेत दुष्काळात तळी आटली, बदकं संपत चालली, तेव्हा हे तिकीट निघालं. पहिलं चित्र डिंग डार्लिंग ह्या व्यंगचित्रकाराचं, किंमत १ डॉलर. आज २५. त्यातल्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जागा विकत किंवा भाडेपट्ट्याने घ्यायला जातात. आजवर ६० लाख एकरांच्या वर! सोळा आणि त्यापुढच्या वयाच्या बदकांच्या शिकाऱ्याला ते घ्यावंच लागतं. शिवाय १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी जातो, तोही तेच भरतात. आपल्या दुर्बिणीवर, ट्रायपॉडवर असला कर नाही. आपण फुकटे आहोत, फुकटे!

मान्य, मारणं ते मारणंच. भरतपूरच्या तळ्यावर १९३८ साली एका दिवसात चार हजारांवर पक्षी पाडले होते, ते वाचून मलाही मळमळलं होतं. आपल्याकडे शिकार बंद आहे, बंदच राहू दे. मी बंदूक धरा म्हणत नाहीये. तिकीट घ्यायला बंदूक लागत नाही, एवढंच म्हणतोय. पोस्टात मिळतं. आपण पक्षी बघणारे एवढे आहोत, उलट आपणच जास्त द्यायला हवेत. भिगवणला, नांदूर मध्यमेश्वरला असं तिकीट निघालं तर मी इथून पहिल्या दिवशी पैसे पाठवीन.

राग थोडा उतरला आता. त्या मित्राचं मन वाईट नाही. पडलेलं पिल्लू दिसलं तर गाडी थांबवणारा माणूस आहे. मीही त्या पहाटे तोंड फिरवलंच होतं की. फरक इतकाच, मला कोणीतरी कॉफी दिली आणि विचारलं.

तो म्हातारा पुन्हा कधी दिसला नाही. आजही पार्किंगमध्ये उतरल्यावर आधी लॅब्राडोर कुठे दिसतोय का ते बघितलं.

उद्या सोमवार. जेवणाच्या सुट्टीत पोस्टात जाऊन आणखी एक तिकीट घेणार आहे, त्या मित्रासाठी. थर्मास भरून त्याच्या घरी जाईन. चिडला तर चिडला.