पाठीवर खुर्ची

पाठीवरच्या सॅकचीच खुर्ची करावी ही कल्पना ज्याच्या डोक्यात येते, तो माणूस त्या क्षणी हमखास उभा असतो. बसलेल्याला असलं काही सुचत नाही. पुण्यात उभं राहण्याचे प्रसंग भरपूर, त्यामुळे कल्पनाही भरपूर. बसथांब्यावर बाक असलाच तर तो बहुधा स्टीलच्या पाइपांचा आणि पुढे उतरता, त्यावर बसण्यापेक्षा घसरणंच जास्त होतं. सोसायटीच्या भिंतीला बूड टेकवावं तर वर काचा लावलेल्या. दुकानाच्या पायरीवर बसलं की आतून ‘काय हवंय?’ असं अशा सुरात येतं, की हवं असलेलंही नको होतं. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा फूटपाथ चटया टाकून आधीच अडवलेला असतो आणि मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते. कोणाचे गुडघे पुरणार?

म्हणून सॅक. आता लोकांना वाटतं की सॅकला चार पाय लावले की झालं. ते पाय कुठे लावायचे, किती लांबीचे, आणि बसून उठल्यावर त्या पायांना लागलेलं शहर कुठे ठेवायचं, इथे खरी गंमत सुरू होते.

प्लायचा खोका करून त्याला पट्टे लावायचा मार्ग काही जण सुचवतात. १२ मिलिमीटर प्लायचं ३० बाय ३० सेंटिमीटरचं नुसतं झाकणच पाऊण किलोच्या आसपास भरतं, भिंती वेगळ्याच. ती सॅक राहत नाही, ट्रंक होते. नळाच्या पीव्हीसी पाइपचं स्टूल करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्या मागच्या बाजूबद्दल काळजी वाटते.

राहता राहिली तिवई आणि कैची. तिवई म्हणजे तीन पायांचं स्टूल. ती डुगडुगत नाही, कारण तीन टेकू कसल्याही जमिनीवर तिन्हीच्या तिन्ही टेकतात. पुण्यातले पेव्हर ब्लॉक पाहिले तर हा गुण सोन्यासारखा आहे. पण तिवई डुगडुगत नसली तरी कलंडते. तीन पाय ज्या वर्तुळावर टेकतात त्याच्या निम्म्या त्रिज्येपलीकडे वजन दोन पायांच्या मधून सरकलं की माणूस आडवा. चौकोनात हीच मर्यादा साधारण सत्तर टक्क्यांवर जाते. म्हणून मी कैचीच्या बाजूचा. दोन चौकटी, मध्ये फुली, वर कापड.

कैचीचं गणित एकदा कागदावर मांडावं. सॅकची पाठ साधारण ४८ सेंटिमीटर, त्यामुळे पाय ५० सेंटिमीटरच्या वर नेता येत नाहीत, नाहीतर ते चालताना मांडीला ढुसण्या देतात. हे पाय जमिनीशी ५५ अंशांत उभे राहिले तर उंची ४१ सेंटिमीटर होते आणि खाली पायांमधलं अंतर २८-२९. घरातली खुर्ची ४३ ते ४५ असते, म्हणजे जवळपास आलोच. पण कापड झोळ खातं. सहा-सात सेंटिमीटर तिथे जातात आणि बसणाऱ्याला ३४-३५ची उंची मिळते. तरुणांना चालते. साठीच्या पुढच्यांना बसताना चालते, उठताना आजूबाजूला आधार शोधावा लागतो.

पाय किती फाकायचे हे कोण ठरवतं? स्क्रू नाही, बिजागरी नाही, कापड ठरवतं. कापडाची लांबी ३५ सेंटिमीटर असेल तर वरचं माप जमतं. शिंप्याने ‘जरा ऐसपैस’ म्हणून अडीच सेंटिमीटर वाढवलं, की पाय चार सेंटिमीटर जास्त फाकतात आणि उंची तीनने उतरते. कापड आखूड केलं की स्टूल उंच आणि अरुंद होतं, मग माणूस बसल्यावर आधी डोलतो. तेव्हा शिवायला टाकताना मापाच्या चिठ्ठीवर ‘शिवून झाल्यावर ३५’ असं लिहायचं. नुसतं ३५ लिहिलं तर तो ३५ कापतो आणि दोन्हीकडची पाइप घालायची नळी त्यातूनच काढतो. १९ मिलिमीटरच्या पाइपचा घेर ६० मिलिमीटर, म्हणून सपाट पडल्यावर ३५ मिलिमीटर रुंदीची नळी, म्हणजे एकेका बाजूला ७ सेंटिमीटर आणि वर शिलाईचा मार्जिन. एवढं कापड वेगळं धरावं लागतं.

आता ताण. ८० किलोचा माणूस कैचीवर बसला की पाय आणखी फाकू पाहतात आणि कापड त्यांना धरून ठेवतं. अंतर भागिले उंची, गुणिले वजन. इथे तो आडवा ताण ५५ किलोच्या आसपास येतो. हा हिशोब सावकाश बसणाऱ्याचा. स्वारगेटला अर्धा तास उभा राहिलेला माणूस सावकाश बसत नाही, धपकन बसतो. एकदम पडलेलं वजन, अगदी शून्य उंचीवरून सोडलेलं असलं तरी, दुपटीने लागतं. म्हणजे ८० किलोच्या गृहस्थांसाठी १६० किलोचं स्टूल बनवावं लागतं, आणि तरी ते ‘मी तर अगदी हलकेच बसलो होतो’ असं सांगणार असतात.

बसायचं कापड नायलॉनचं घेऊ नये, पॉलिस्टरचं घ्यावं. नायलॉन मजबूत खरं, पण पाणी पितं आणि भिजलं की सैल पडतं. जुलैमध्ये त्या स्टुलाची झोळी होते. ६०० डेनियरची (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) मॅटी, म्हणजे सॅकचं नेहमीचं जाड कापड, बाहेरच्या अंगाला चालते, बसायला तिचा दुहेरी थर आणि खाली दोन आडव्या ५० मिलिमीटरच्या निवारी हव्यात. शिलाई इंचाला सहा-सात टाके. कारागिराला चांगलं काम दाखवायचं असलं की तो टाके बारीक घालतो, दिसतातही सुरेख. पण इंचाला बारा टाके म्हणजे कापडाला बारा भोकं, मग ते पोस्टाच्या तिकिटासारखं ओळीत फाटतं. पट्ट्यांच्या टोकांना चौकोन आणि आत फुली अशी शिलाई मारून घ्यायची. ‘तेवढ्याने काय होतंय?’ असं विचारलं गेलं तर वाद घालू नये, पाच-दहा रुपये जास्त द्यावेत.

पाइप किती लागतो? ५० सेंटिमीटरचे चार पाय आणि वर-खाली मिळून ३० सेंटिमीटरच्या चार आडव्या दांड्या. एकूण ३.२ मीटर. स्टेनलेस स्टीलचा १९ मिलिमीटरचा, १.२ जाडीचा पाइप घेतला तर चौकट पावणेदोन किलोच्या घरात जाते. अॅल्युमिनियमचा दीड जाडीचा घेतला तर सातशे ग्रॅमच्या आसपास. अॅल्युमिनियम घ्या, पण खिडक्यांच्या सेक्शनमधला उरलेला तुकडा नको. खिडकीचा माल बहुतेक ६०६३ ग्रेडचा असतो, खिडकीवर कोणी बसत नसल्यामुळे तो तिथे शोभतो. इथे ६०६१ टी-६ मागायचा; आकडा मिश्रधातूचा, ‘टी’ तो किती कडक केलाय त्याचा. विक्रेता ‘एकच आहे हो’ म्हणेल. एकच नाही, ६०६१ टी-६ची ताकद खिडकीच्या नेहमीच्या टी-५ मालापेक्षा दीडपटीहून जास्त असते.

फुलीच्या मधोमध भोक पडतं, त्यात सहा मिलिमीटरचा बोल्ट. सरळ बसलेल्या माणसामुळे पायाला जो बाक येतो त्यात पाइपची वरची आणि खालची बाजू सोसते. भोक असतं कुशीला, तिथे बाकाचा ताण जवळपास नसतोच. त्यामुळे सरळ बसणारा माणूस या स्टुलाला सहसा मोडू शकत नाही. पण सरळ बसतो कोण? फोन वाजतो. फोन पँटच्या खिशात. तो काढायला माणूस उजवा पाय लांब करतो, डाव्या कुल्ल्यावर येतो आणि अंग तिरपं करून खिशात हात घालतो. आता सगळं वजन दोन पायांवर, बाक कुशीला, आणि कुशीला नेमकं आपलं भोक. अशी स्टुलं मोडतात ती फुलीपाशी, आणि बसणाऱ्याच्या हातात त्या वेळी मोबाईल असतो. उपाय आहे: भोकाच्या जागी पाइपच्या आत दहा सेंटिमीटरचा दुसरा, घट्ट बसणारा नळीचा तुकडा सारायचा आणि मग दोन्हींतून एकदमच भोक पाडायचं. त्याने बोल्ट आवळताना पाइप चेपतही नाही. नट मात्र नायलॉकच, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला. साधा नट दर उघडमिटीला थोडा थोडा फिरतो आणि एक दिवस डेक्कनला उतरून जातो, आपण कोथरूडला.

दोन्ही पायांमध्ये वायसर घालताना फट एकतर बोट शिरणारच नाही इतकी कमी ठेवावी, नाहीतर शिरलेलं बोट सहज निघेल इतकी जास्त. मधली फट म्हणजे अडकित्ता.

चौकट सॅकच्या कोणत्या अंगाला लावायची यावर मात्र भांडणं होतात. शास्त्र सांगतं की जड वस्तू पाठीलगत असावी. मिटलेली चौकट चार सेंटिमीटर जाड. ती पाठीलगत ठेवली तर सॅकमधला बाकीचा सगळा ऐवज तेवढा मागे ढकलला जातो. पण माझा आक्षेप शास्त्राला नाही, शर्टाला आहे. ज्या दांड्या आत्ता मंडईबाहेरच्या ओल्या जमिनीवर टेकल्या होत्या, त्याच उचलून पाठीला लावायच्या? तिथे जमिनीवर काय काय असतं हे पुणेकराला सांगायला नको, आणि त्यातलं निम्मं लाल असतं. म्हणून चौकट बाहेरच्या अंगाला, आणि खालच्या दांड्यांवर रेक्झिनचं, आतून धुता येईल असं टोपण. पावसाळ्यात टोपणाच्या तळाला दोन आयलेट, म्हणजे धातूची कडी बसवलेली भोकं, मारून घ्या, पाणी निथळायला. ते नसलं तर त्यात जे साठतं त्याला आठ दिवसांनी स्वतःचा वास येतो.

चौकट उघडली की सॅक एका चौकटीला टेकून तिरकी राहते. पाठीवर असताना सरळ असलेलं सगळं आता कलतं. बाजूच्या जाळीतली बाटली निसटते, म्हणून जाळीच्या वर एक बकलाचा पट्टा. चेनचं तोंड वरच्या कडेलाच हवं, पुढच्या पोटावर दिलं तर बसल्यावर ते जमिनीकडे बघतं आणि उघडलं की किल्ल्या, गोळ्यांची पाकिटं आणि रिक्षाचे सुटे पैसे ओळीने बाहेर. चेन ८ नंबरची, रनर दोन. डब्यात पोळी-भाजी चालते. आमटी नेणाऱ्यांनी उभं राहावं.

हा सगळा ऐवज गोळा करायला रविवार पेठ पुरते. बोहरी आळीच्या आसपास निवार, बकल, चेन, फोम हे सगळं मिळतं. फक्त भाव विचारण्याआधी माप सांगावं, कारण ‘स्टूलवाली सॅक करायचीय’ असं सांगत बसलात तर दुकानदारासकट दोन गिऱ्हाइकंही डिझाइन सुधारायला लागतात. फोम मागताना डेन्सिटी बोलायची: खांद्याच्या पट्ट्याला ४०च्या वरची. मऊ हाताला लागतो म्हणून ३२ घेतला तर काही महिन्यांत त्याचा पापड होतो. शिवणाऱ्या काकांकडे सगळं ठेवलं की ते चष्मा वर करून म्हणणारच, “साहेब, सॅक पाहिजे का स्टूल, एकदा ठरवून या.” ठरवून जाऊ नये. ठरवलं तर त्यातलं एकच मिळतं.

सवाई गंधर्वला भारतीय बैठकीत न्यायची असेल तर पायांचा काही उपयोग नाही. तिथे ३५ सेंटिमीटर उंचीवर बसलेला माणूस मागच्या दहा जणांच्या आणि तानपुऱ्याच्या मध्ये येतो, आणि “अहो, जरा खाली” हे विलंबित लयीत सुरू होऊन द्रुतला पोचतं. यासाठी पाठीच्या पॅनेलमध्ये १२ मिलिमीटरचा ईव्हीए फोमचा तक्ता सुटा ठेवावा. तो काढून सतरंजीवर टाकला की झालं, डिसेंबरच्या रात्री खालून गारठाही कमी लागतो. ही युक्ती इतकी सोपी आहे की मग पाइप कशाला आणले असा प्रश्न घरचे विचारतात. त्याला उत्तर नाही.

महिन्यातून एकदा १० नंबरच्या पान्याने नट तपासायचा. पाना घरीच ठेवायचा. मॉलच्या दारावर सॅक तपासायला दिली की पाइप पाहून सुरक्षारक्षक आधीच थबकलेला असतो, त्यात पाना निघाला तर बोलणंच खुंटतं. नुसते पाइप असतील तर सांगता येतं की हे स्टूल आहे. त्याचा विश्वास बसत नाही. मग चौकट उघडून कापड ताणून दाखवावं लागतं. तो दोन्ही हातांनी दाबून बघतो, इकडेतिकडे बघतो आणि खात्री करून घ्यायला म्हणून हळूच बसतो. ही तपासणी बराच वेळ चालते.