‘स्लो स्क्रू आवळा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नवी मुंबईत दिवाळे, सारसोळेपासून ऐरोलीपर्यंत ज्यांची ज्यांची पेट्रोलवर चालणारी बोट आहे, त्यातल्या बहुतेकांच्या फोनवर हा मेसेज एकदा तरी येऊन गेलाय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: इंजिन स्लोवर (रेस न देता, सगळ्यात कमी वेगावर) बंद पडत असेल तर दोष शंभर टक्के कार्बोरेटरचा (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा). स्लो स्क्रू आवळून रेस हजार आरपीएमवर (मिनिटाला हजार फेऱ्यांवर) न्या. मिक्श्चर स्क्रू पूर्ण बंद करून दीड फेरा उघडा, सगळ्या इंजिनांना हेच माप. तरीही जमलं नाही तर जेट (पेट्रोलचं बारीक भोकाचं तोंड) काढून बारीक तारेनं साफ करा. कार्बोरेटर बदलायचाच असेल तर मरीनचा घेऊ नका, गाडीचा तसाच निम्म्या पैशांत मिळतो. इथेनॉलचा त्रास असेल तर टाकीत ॲडिटिव्हची बाटली ओता.

मी याच कामात आहे. साध्या होड्यांची आउटबोर्ड (मागे बाहेर टांगलेली) मशीनंही उघडतो आणि व्ही-एट (आठ सिलिंडरचं) इंजिन आत बसवलेल्या, म्हणजे इनबोर्डवाल्या स्पीडबोटीही. या मेसेजमधली निम्मी वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणूनच तो लोकांना पटतो. स्क्रू आवळला की इंजिन जेटीवर खरंच बंद पडायचं थांबतं. मग तीच बोट ओहोटीच्या ओढीत वाशीच्या पुलांखाली येते, समोर होडी दिसली म्हणून चालवणारा थ्रॉटल झटकन खाली घेतो आणि इंजिन तिथेच बंद पडतं. बंद बोटीला पाणी थेट खांबांकडे नेतं. हा किरकोळ बिघाड नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘दोष शंभर टक्के कार्बोरेटरचा’

नाही. पाना हातात घ्यायच्या आधी इंजिन नेमकं केव्हा बंद पडतं ते बघायचं. निम्मं निदान तिथेच होतं.

जेटीवरून निघाल्यावर काही मिनिटं नीट चालून मग इंजिन मरतं, थोडं थांबलं की परत सुरू होतं, असं असेल तर आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. झाकण सैल करताच फुस्स करून हवा आत ओढली गेली तर कारण सापडलं. टाकीत हवा जात नव्हती, म्हणून पेट्रोल पुढे सरकत नव्हतं. आउटबोर्ड मरायला लागलं की प्रायमर बल्ब (पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा) दाबून बघा. दाबल्यावर इंजिन सावरलं तर पेट्रोल पुरेसं पोचत नाहीये: पंपाचा डायफ्रॅम (आतला पातळ पडदा) गेलाय, फिल्टर तुंबलाय किंवा नळी कुठेतरी हवा घेतेय. चालत्या इंजिनावर बल्ब चपटा होऊन तसाच राहिला तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. यातल्या एकाही ठिकाणी कार्बोरेटरचा संबंध नाही.

इंजिन फक्त गिअर टाकताना किंवा काढताना बंद पडत असेल आणि बोटीला मर्क्रूझर कंपनीचा अल्फा ड्राइव्ह (गिअर आणि पंख्याचा मागचा भाग) असेल, तर शिफ्टची केबल तपासा. या ड्राइव्हमध्ये गिअर सहज निघावा म्हणून एक स्विच क्षणभर इग्निशन तोडतो. खाऱ्या पाण्यानं केबल जड झाली की तो क्षण लांबतो आणि इंजिन मरतं. असं इंजिन घेऊन लोक कार्बोरेटर तीन-तीनदा उघडून बसतात आणि केबलला कुणी हात लावत नाही.

मग प्लग. व्ही-एटचे आठही प्लग काढून ओळीनं मांडा. आठही सारखेच काळे आणि मऊ काजळीचे असतील तर पेट्रोल जास्त होतंय, तेव्हा कार्बोरेटरकडे वळायला हरकत नाही. सात प्लग फिकट तपकिरी आणि एकच ओला काळा असेल तर त्याच सिलिंडरची वायर, प्लग किंवा कॉम्प्रेशन बघा. एका प्लगवर गंजाची झाक किंवा पाण्याचा थेंब दिसला तर तिथेच थांबा. वेगासाठी मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकलेल्या इंजिनात स्लोवर एक्झॉस्टचं पाणी उलटं आत ओढलं जातं, कारण इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकाच वेळी उघडे राहतात. ते पाणी सिलिंडरमध्ये गेलं की स्लो बिघडतो, आणि पुढे इंजिनही जातं. स्क्रू फिरवून हे बरं होत नाही.

‘स्लो स्क्रू आवळून रेस हजारावर न्या’

सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्यानं होतं, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

स्लोवर थ्रॉटलची पाकळी (हवा अडवणारी चकती) जवळजवळ बंद असते. पेट्रोल येतं ते पाकळीच्या खालच्या बारीक छिद्रातून, आणि किती यायचं ते मिक्श्चर स्क्रू ठरवतो. त्या छिद्राच्या वर एक उभी फट असते, ट्रान्सफर स्लॉट. थ्रॉटल उघडायला लागला की ती फट हळूहळू उघडी पडते, आणि मुख्य जेट पेट्रोल द्यायला लागेपर्यंतचा मधला काळ ती सांभाळते. स्लोवर तिचा अगदी थोडा भाग पाकळीखाली दिसायला हवा, अर्धा ते एक मिलिमीटर. कार्बोरेटर उतरवून उलटा धरला की फटीचा इवलासा चौकोन दिसतो. उभी लांब रेघ दिसली तर पाकळी जास्त उघडी आहे.

स्लो स्क्रू आवळत गेलात की नेमकं तेच होतं. सगळं पेट्रोल फटीतून यायला लागतं आणि मिक्श्चर स्क्रूला काही कामच उरत नाही. तो आत-बाहेर कितीही फिरवा, इंजिनाचा आवाज बदलत नाही. शिवाय फट आधीच वापरून झाल्यामुळे थ्रॉटल दिला की इंजिन क्षणभर गुदमरतं. म्हणजे एक दुखणं झाकलं आणि दुसरं तयार केलं.

गिअरचं नुकसान वेगळंच. हजार आरपीएमवर गिअर टाकला की खाडकन आवाज येतो. तो आवाज गिअरच्या डॉगचे (गिअर जोडणाऱ्या कड्याचे) दात एकमेकांवर आपटण्याचा असतो. त्या दातांच्या कडा गोल झाल्या की जोर दिल्यावर गिअर आपोआप सुटायला लागतो, आणि ती दुरुस्ती कार्बोरेटरच्या कितीतरी पट महाग पडते. गर्दीच्या जेटीला एवढ्या रेसवर बोट लावणं लोकांसाठीही धोक्याचं आहे.

योग्य पद्धत अशी. आधी थ्रॉटलची केबल कार्बोरेटरवरून सोडा. पुष्कळदा केबलच ताणून बसवलेली असते आणि पाकळी स्क्रूवर टेकतच नाही, मग स्क्रू फिरवून काय होणार? त्यानंतर बोट पाण्यात, पुढून-मागून घट्ट बांधून, इंजिन पूर्ण गरम करून, पुढच्या गिअरमध्ये टाकून स्लो लावा. व्ही-एट इनबोर्डला गिअरमध्ये साधारण ६०० ते ७०० आरपीएम पुरतात, आउटबोर्डचा आकडा त्याच्या मॅन्युअलमध्ये असतो. अंगणात नळाचं पाणी देणारी टोपी लावून लावलेला स्लो पाण्यात टिकत नाही, कारण तिथे पंख्यावर पाण्याचा भार नसतो. मोठ्या कॅमच्या इंजिनाला स्लोवर जास्त हवा लागत असेल तर चार बॅरलच्या (चार घशांच्या) हॉली कंपनीच्या कार्बोरेटरात मागच्या दोन पाकळ्यांना स्वतंत्र स्टॉप स्क्रू असतो. तो किंचित वाढवा म्हणजे पुढची पाकळी परत जागेवर आणता येते.

वेगातून एकदम थ्रॉटल खाली घेतल्यावरच इंजिन मरत असेल तर कार्बोरेटरच्या बाउलमधली (पेट्रोलच्या वाटीतली) पातळी बघा. बोट बसते, पेट्रोल पुढे हिंदकळतं आणि फ्लोट (पातळी राखणारा तरंगता भाग) उंच लावलेला असेल तर व्हेंटच्या (बाउलला हवा देणाऱ्या) नळीतून कार्बोरेटरच्या घशात सांडतं. तिथे इंजिन पेट्रोल जास्त झाल्यानं मरत असतं. दुरुस्ती होईपर्यंत थ्रॉटल टप्प्याटप्प्यानं खाली आणा.

‘मिक्श्चर दीड फेरा, सगळ्यांना’

दीड फेरा हे हॉलीसारख्या कार्बोरेटरवर सुरुवात करायचं माप आहे. तिथून पुढे व्हॅक्यूम गेज (इंजिनाची हवेची ओढ मोजणारं) लावून किंवा कानानं, थोडं थोडं फिरवत जुळवायचं असतं. आउटबोर्डमध्ये प्रत्येक मॉडेलचं माप वेगळं. काही कार्बोरेटरांत तर हा स्क्रू पेट्रोलचा नसून हवेचा असतो, तो आवळला की मिश्रण गडद होतं (पेट्रोल वाढतं), म्हणजे सगळा हिशेबच उलटा. टू-स्ट्रोकमध्ये चुकून मिश्रण पातळ झालं तर पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही कमी पडतं आणि पिस्टन धरतो (जाम होतो). आणि ‘पूर्ण बंद’ म्हणून जोर लावून आवळला तर सुईच्या टोकाला वळ पडतो. मग ती सुई कधीच नीट जुळत नाही.

या स्क्रूचा खरा उपयोग निदानासाठी करा. हॉलीवर स्लो नीट लावून दोन्ही मिक्श्चर स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत घ्या. इंजिन मरायला हवं. नाही मेलं तर पेट्रोल दुसरीकडून येतंय. पाकळी जास्त उघडी नसेल तर पहिला संशय जोर पडल्यावर जादा पेट्रोल सोडणाऱ्या पॉवर व्हॉल्व्हवर घ्या. जुन्या हॉलीत एका बॅकफायरनं (कार्बोरेटरकडे उलट्या भडक्यानं) त्याचा डायफ्रॅम फाटतो. नव्यांत त्याच्या रक्षणासाठी चेक व्हॉल्व्ह असतो. पॉवर व्हॉल्व्ह फाटलेला नसला तरी चुकीच्या आकड्याचा असू शकतो. ६.५ चा व्हॉल्व्ह म्हणजे व्हॅक्यूम (पाऱ्याच्या) साडेसहा इंचांखाली गेला की जादा पेट्रोल सोडणारा. साध्या इंजिनाला स्लोवर १७-१८ इंच व्हॅक्यूम मिळतो, त्यामुळे तो बंदच राहतो. मोठ्या कॅमच्या इंजिनाला गिअरमध्ये सहाच इंच मिळत असतील तर तो स्लोवरच उघडा राहणार आणि प्लग काळे होणार. गिअरमधल्या व्हॅक्यूमच्या निम्म्या आकड्याचा व्हॉल्व्ह टाका.

‘जेट तारेनं साफ करा’

करू नका. पायलट (स्लोच्या) जेटचं भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं असतं आणि जेट पितळेचं, म्हणजे तारेपुढे मऊ. एक ओरखडा पुरतो. क्लीनरमध्ये भिजत ठेवा, कॉम्प्रेसरची हवा मारा, उजेडाकडे धरून गोल भोक दिसतंय का बघा. नाही निघालं तर नवं जेट घ्या, ते महाग नसतं.

‘इथेनॉलसाठी बाटली ओता’

इथेनॉलचा त्रास खरा आहे. २०२५ पर्यंत आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रण आलं, आणि इथेनॉल पाणी धरतं. पावसाळ्यात बोट वर ओढलेली असते, टाकी अर्धी, आणि कोकणातली दमट हवा. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाण्याचा थर तळाशी बसतो. पेट्रोल ओढणारी नळीही तळाशीच असते. एकदा वेगळा झालेला थर कुठलीही बाटली परत एकजीव करत नाही.

टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा, रात्रभर झाकून ठेवा. सकाळी खाली वेगळी रेघ दिसली तर टाकी पूर्ण रिकामी करा. पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, जुन्या रबरी नळ्या बदला. बोट वर ओढण्याआधी बाउलच्या तळाचा ड्रेन स्क्रू उघडून कार्बोरेटर कोरडा करा. ऑगस्टमध्ये येणारे स्लोचे बरेचसे बिघाड एवढ्यानंच टळतात.

‘मरीनचा नको, गाडीचा बसवा’

हा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवला, कारण यात जीव जाऊ शकतो. बाहेरून दोन्ही कार्बोरेटर सारखे दिसतात आणि बोल्टही त्याच भोकांत बसतात. फरक कळतो तो बिघाड झाल्यावर. फ्लोटची सुई अडकून बाउल ओसंडला की मरीन कार्बोरेटरच्या वाकड्या व्हेंट नळ्या ते पेट्रोल घशातच टाकतात, थ्रॉटलच्या दांड्यातूनही ते बाहेर येत नाही. इंजिन गुदमरून बंद पडतं, पण बाहेर थेंब सांडत नाही. गाडीचा कार्बोरेटर तेच पेट्रोल गरम इंजिनावर सांडतो. गाडीत ते खाली रस्त्यावर जातं. बोटीत ते बिल्जमध्ये (बोटीच्या तळात) साठतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी बसून राहते, आणि मग एका ठिणगीचं काम उरतं.

म्हणूनच कार्बोरेटरवर साधा एअर फिल्टर न बसवता फ्लेम अरेस्टर असतो. बॅकफायरची ज्वाळा त्याच्या जाळीत विझते. ‘हवा मोकळी मिळते’ म्हणून तो काढून ठेवलेल्या बोटी मी बघितल्यात. स्टार्टर, अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटरही बोटीत ठिणगी बाहेर न टाकणारेच लागतात. हवा कुठून शिरते ते शोधायला बंद इंजिनखोलीत कार्ब क्लीनरचा स्प्रेसुद्धा मारू नका.

सेकंडहँड बोट घेतली असेल तर आजच हॅच उघडा. कार्बोरेटरच्या व्हेंट नळ्या आत घशाकडे वळलेल्या आहेत का बघा. पेट्रोल पंप मेकॅनिकल असेल तर त्याला कार्बोरेटरकडे जाणारी पारदर्शक नळी आहे का बघा; पंपाचा डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल त्या नळीत दिसतं. फ्लेम अरेस्टर जागेवर, घट्ट आहे का ते हातानं हलवून बघा. यातलं काही नसेल तर ते बसेपर्यंत किल्ली फिरवू नका. आणि सगळं असलं तरी दर वेळी सुरू करण्याआधी बिल्जचा ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) किमान चार मिनिटं चालवा, आणि नाकानं वास घ्या.