‘हिरवा ठिपका दिसला की टनेल चालू’? थांबा जरा

लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरत असतो. व्हीपीएन टनेल (दोन टोकांना इंटरनेटवरून जोडणारी एन्क्रिप्टेड वाट) तपासायचा तर सर्व्हिस ‘ॲक्टिव्ह’ आहे का, म्हणजे तिचा ठिपका हिरवा आहे का बघा, नेटवर्क इंटरफेस अप आहे का बघा, पलीकडे पिंग मारा, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का बघा. तिन्ही झालं की टनेल चालू. वायरगार्ड हा व्हीपीएन असेल तर हँडशेक (दोन टोकांची किल्ल्या ठरवण्याची बोलणी) दोन मिनिटांहून जुना झाला की टनेल मेला समजा आणि रीस्टार्ट मारा, हवं तर क्रॉनमध्येच, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, टाकून द्या.

ऐकायला सुटसुटीत आहे, पण तपासायचं असतं ते वेगळंच: दोन्ही दिशांनी, एन्क्रिप्ट होऊन, डेटा जातोय का? ते यातलं एकही लक्षण धड सांगत नाही.

सर्व्हिसपासून सुरुवात करू. वायरगार्ड लिनक्स 5.6 पासून, म्हणजे मार्च 2020 पासून, थेट कर्नलमध्ये, लिनक्सच्या गाभ्यातच, आहे. त्याचा वेगळा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) चालत नसतो. तो सुरू करणाऱ्या डब्ल्यूजी-क्विक या स्क्रिप्टची सर्व्हिस ‘वनशॉट’ प्रकारची, एकदा चालून संपणारी. सर्व्हिसची स्थिती सांगणाऱ्या सिस्टमसीटीएलची ओळ पूर्ण वाचली तर ‘ॲक्टिव्ह’च्या पुढे कंसात ‘एक्झिटेड’ लिहिलेलं दिसेल. स्क्रिप्टनं इंटरफेस तयार केला, किल्ल्या भरल्या, राउट टाकले आणि ती संपली. नंतर पलीकडचा सर्व्हर जळून खाक झाला तरी इथला ठिपका हिरवाच राहणार. आयपीसेक ही व्हीपीएनची दुसरी पद्धत, तिच्यासाठीच्या स्ट्राँगस्वॉनचा डीमन खरोखर चालू असतो, पण एकही टनेल उभा नसला तरी त्याला काही फरक पडत नाही.

इंटरफेसचा मुद्दा तर दोन ओळींचा आहे. ‘आयपी लिंक’ या कमांडमध्ये वायरगार्डचा स्टेट ‘अननोन’ दिसतो, ते नॉर्मल आहे, घाबरू नका. आणि पॉलिसीवर (कुठल्या पत्त्यांमधला डेटा एन्क्रिप्ट करायचा, या नियमांवर) चालणाऱ्या आयपीसेकला बहुतेक वेळा इंटरफेसच नसतो, मग अप काय नि डाउन काय.

पिंगवर मात्र लोकांचा फारच विश्वास. साधा पिंग 84 बाइटचा असतो. डब्ल्यूजी-क्विक साधारणपणे 1420 एमटीयू (एका पॅकेटचे जास्तीत जास्त बाइट) धरतं. मधल्या लिंकला तेवढं पेलत नसेल तर छोटा पिंग झकास जातो आणि एसएसएच लॉगिन मात्र किल्ल्यांच्या देवाणघेवाणीतच लटकतं. म्हणून पिंग मारायचाच तर पॅकेटचे तुकडे करू नको असं सांगून 1392 बाइटचा मारा (1420 मधून हेडरचे 28 वजा). छोटा लागतो आणि हा लागत नाही, तर संशय एमटीयूवर.

उलटंही होतं. आयपीसेकची पॉलिसी 10.1.0.0/16 ते 10.2.0.0/16 अशी आहे आणि तुम्ही गेटवेवरूनच पिंग मारलात, तर सोर्स म्हणून सर्व्हरचा पब्लिक पत्ता लागू शकतो. तो पॉलिसीत बसत नाही, पिंग पडतो, आणि आतल्या लोकांचं काम मात्र बिनबोभाट चालू असतं. सोर्स पत्ता हाताने द्या. पिंग लागला तरी तो टनेलमधूनच गेला कशावरून? ‘आयपी राउट गेट’ या कमांडला विचारून घ्या.

वायरगार्डवर पिंग मारताना ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ असं आलं की मंडळी नव्या किल्ल्या बनवायला बसतात. किल्ल्यांचा बहुधा काही दोष नसतो. तो पत्ता कुठल्याच पीअरच्या (जोडलेल्या दुसऱ्या टोकाच्या) ‘अलाउड आयपीज’मध्ये, म्हणजे त्याला दिलेल्या पत्त्यांच्या यादीत, नाही, एवढाच त्याचा अर्थ. एकच पत्ता दोन पीअरना दिलात तर नंतरचा पीअर तो पहिल्याकडून काढून घेतो, तेही कुठलीही सूचना न देता. नवा लॅपटॉप जोडला आणि जुना बंद पडला, अशी तक्रार आली तर आधी इथे बघा.

आता हँडशेक. वायरगार्ड डेटा पाठवायचा असेल तरच बोलतं. नवी किल्ली साधारण 120 सेकंदांनी ठरते, जुनी 180 सेकंदांनंतर चालत नाही. त्यामुळे वाहत्या टनेलवरही ‘2 मिनिटं 14 सेकंदांपूर्वी’ दिसणं अगदी रोजचं आहे. रात्रभर कोणी काही पाठवलंच नाही तर हँडशेक सात तासांपूर्वीचा दिसेल आणि टनेल ठणठणीत असेल. हां, ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ (काम नसतानाही ठरावीक सेकंदांनी रिकामं पॅकेट पाठवणं) 25 वर ठेवलेला असताना तीन मिनिटं उलटून गेली, तर मात्र खरंच बिघडलंय. ग्रुपवरच्या त्या सल्ल्यात एवढीच अट घातली असती तर माझी तक्रार नव्हती.

‘डब्ल्यूजी शो’ या कमांडमध्ये हँडशेकच्या खालची ‘ट्रान्सफर’ची ओळ कोणी का वाचत नाही, कळत नाही. समजा तिथे दिसलं ‘रिसीव्ह्ड’ 0 आणि ‘सेंट’ 1.45 केआयबी, म्हणजे 1480 बाइट. हँडशेकची पहिली चिठ्ठी 148 बाइटची असते, उत्तर नसेल तर ती दर पाच सेकंदांनी पुन्हा जाते. दहा वेळा हाक मारली, ओ कोणी दिली नाही: पत्ता, पोर्ट, फायरवॉल किंवा किल्ली, यांतलं काहीतरी चुकलंय. पोर्ट स्कॅन करून मात्र कळणार नाही. अनोळखी पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही.

आयपीसेकमध्ये हीच गोष्ट दोन मजल्यांवर आहे. ‘एस्टॅब्लिश्ड’ हा शब्द वरच्या आयकेईचा, म्हणजे ओळख पटवून किल्ल्या ठरवणाऱ्या बोलणीचा. डेटा वाहतो तो खालच्या चाइल्ड एसएमधून (त्या बोलणीतून उभ्या राहिलेल्या डेटाच्या जोडणीतून), तिथे ‘इन्स्टॉल्ड’ हवं आणि येणारे-जाणारे दोन्ही बाइट वाढायला हवेत. फायरवॉलमध्ये आयकेईचं पोर्ट यूडीपी 500 उघडं आणि ईएसपी (एन्क्रिप्ट केलेल्या डेटाची पॅकेटं) बंद असेल, मध्ये पत्ते बदलणारं नॅटही नसेल, तर वर सगळं ‘एस्टॅब्लिश्ड’ आणि खाली येणारे बाइट शून्य.

राहिला रीस्टार्ट. आयकेईव्ही2 मध्ये पहिला चाइल्ड एसए ओळख पटवतानाच उभा राहतो, त्याच्यासाठी किल्ली ठरवणारी वेगळी डिफी-हेलमन (डीएच) देवाणघेवाण होत नाही. चाइल्ड एसएसाठी दोन्ही टोकांना लावलेले डीएच ग्रुप जुळत नसले तरी सुरुवातीला काही कळत नाही. मग रीकीची, म्हणजे किल्ली बदलायची, वेळ येते, स्ट्राँगस्वॉनच्या डिफॉल्टप्रमाणे तासाभरात, आणि टनेल पडतो. रीस्टार्ट मारला की पुन्हा तासभर चालतो. क्रॉनमधला रीस्टार्ट हा दोष महिनोन्महिने झाकून ठेवू शकतो. वायरगार्डवर रीस्टार्टनं काम झालं, तर अनेकदा कारण डीएनएसचं असतं: एंडपॉइंटचं, म्हणजे पलीकडच्या टोकाचं, नाव सुरू होताना एकदाच आयपी पत्त्यात बदललं जातं, पलीकडचा आयपी बदलला तरी हा जुन्याच पत्त्यावर ठोठावत बसतो. त्यावर एंडपॉइंट पुन्हा भरणारी छोटी स्क्रिप्ट वायरगार्डच्या टूल्सबरोबरच येते. अख्खा इंटरफेस पाडायची गरज नाही. पाडलात तर काउंटर शून्यावर येतात आणि पुरावाही जातो.

म्हणून रीस्टार्टआधी ‘डब्ल्यूजी शो’ किंवा ‘स्वॉनसीटीएल’ची एसए-यादी दोनदा, मिनिटभराच्या अंतरानं, फाइलमध्ये उतरवा. आयपीसेकची कर्नलमधली स्थिती दाखवणारं ‘आयपी एक्सएफआरएम स्टेट’ घेतलात तर ती फाइल ग्रुपवर टाकू नका: त्यात चालू एन्क्रिप्शन किल्ल्या उघड्या छापलेल्या असतात. ‘डब्ल्यूजी शो’ खाजगी किल्ली लपवतं, पण त्याचाच ‘डंप’ पर्याय आणि ‘शोकॉन्फ’ लपवत नाहीत.