रेल्वे गेली, पण निकोडेमस गेलं नाही

अमेरिकेतल्या कॅन्ससच्या माळरानावरच्या निकोडेमसची गोष्ट सर्रास अशी सांगितली जाते: गुलामगिरीतून सुटलेल्या भोळ्या कृष्णवर्णीयांना फसवून तिथं आणलं, ते रेल्वेची वाट बघत बसले, १८८८ साली रेल्वे दुसरीकडून गेली आणि गाव रातोरात ओस पडलं. मला ही गोष्ट त्या माणसांवर अन्याय करणारी वाटते.

फसवणूक झाली, हे खरं. १८७७ च्या जाहिरातींतल्या सुपीक भूमीत प्रत्यक्षात घरं नव्हती की झाडं. पुढच्या वर्षी केंटकीहून आलेल्या विलियाना हिकमन विचारतात, निकोडेमस कुठंय? नवऱ्यानं बोट दाखवलं, तर जमिनीतून नुसता धूर निघत होता. माणसं खोदलेल्या बिळांत राहत होती. ते बघून विलियानांना रडू कोसळलं. पण त्या राहिल्या! बैल-नांगर नसलेल्यांनी कुदळ-फावड्यानं जमीन उकरून पेरली. यांना भोळं म्हणायचं?

‘वाट बघत बसले’ हेही खोटं. १८८७ साली गावानं मिसुरी पॅसिफिक या कंपनीची रेल्वे गावात यावी म्हणून तब्बल १६,००० डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले होते. तोवर गावात बँक होती, हॉटेल होतं, दोन वर्तमानपत्रं निघत होती. ती रेल्वे आली नाही. मग युनियन पॅसिफिक या दुसऱ्या कंपनीनं सॉलोमन नदीच्या पलीकडून, दक्षिणेनं रूळ टाकले आणि दुकानदार बिऱ्हाड उचलून रुळांकडे, आजच्या बोग गावी गेले. गावाचा बाजार मोडला, तो इथं.

पण बाजार म्हणजे गाव नव्हे. शेतकरी आपल्या जमिनीवर टिकून राहिले आणि पुढची चाळीस वर्षं गाव त्यांच्या जिवावर चाललं. खरी गळती लागली ती १९३० च्या दशकात, मंदी आणि धुळीच्या वादळांनी. टपाल कार्यालय १९५३ साली बंद झालं, म्हणजे रेल्वे हुकल्यावर तब्बल ६५ वर्षांनी. त्याला ‘रातोरात’ कसं म्हणणार?

आणि ‘ओस’? मोजकी माणसं का होईना, आजही तिथं राहतात. १९३९ साली बांधलेलं चुनखडीच्या दगडांचं टाउनशिप हॉल, म्हणजे गावाचं सभागृह, उभं आहे, १९९६ पासून ते गाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. दर उन्हाळ्यात पहिल्या वसाहतकऱ्यांची पणतवंडं गुलामगिरीतून सुटकेचा मुक्तिदिन साजरा करायला दूरदूरून येतात.