कांद्याचा ट्रक सीमेवर किती वेळ उभा राहतो?

गावच्या ग्रुपवर कांद्याचा विषय निघाला की निर्यातबंदी, निर्यातशुल्क, किमान निर्यात मूल्य एवढ्यातच चर्चा फिरते आणि दिल्लीला शिव्या घालून थांबते. शिव्या चुकीच्या नाहीत हे आधीच सांगतो. डिसेंबर २०२३ ला बंदी घातली, मे २०२४ ला उठवली ती ४० टक्के शुल्क लावून, ते नंतर २० वर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला एकदाचं गेलं, मधल्या काळात निफाड-लासलगावच्या माणसाने काय सोसलं ते लोकसभेला दिंडोरीच्या निकालात दिसलंच. पण मी राहतो कॅनडात, अल्बर्टातल्या मेडिसिन हॅटला, आणि इथली मंडळी ज्या गोष्टीसाठी भांडतात तिच्याबद्दल आपल्याकडे कोणी चकार शब्द काढत नाही. ती म्हणजे सीमेवरचा नाका.

इथून हायवे ४१ ने दक्षिणेला निघालं की सायप्रेस हिल्स ओलांडून वाइल्ड हॉर्स लागतं. गाव वगैरे काही नाही, नुसता गवताळ माळ, वारा आणि दोन देशांची दोन ऑफिसं. पलीकडे अमेरिकेचं मोंटाना राज्य. हिवाळ्यात सकाळी ८ ते संध्याकाळी ५, त्यानंतर गेट बंद. अल्बर्टा-मोंटाना हद्दीवर २४ तास चालू असलेला नाका एकच, कूट्स, आणि तो इथून लेथब्रिजमार्गे २७० किलोमीटर, म्हणजे माल सरळ दक्षिणेला जायचा असला तरी आधी पश्चिमेला डिझेल जाळत जायचं. २०२२ च्या ट्रकवाल्यांच्या आंदोलनात कूट्स दोन आठवड्यांहून जास्त अडलं तेव्हा एकाच दारावर सगळं अवलंबून असलं की काय होतं ते सगळ्यांना कळलं.

म्हणून इथले व्यापारी आणि पूर्व अल्बर्टातल्या नगरपालिका कित्येक वर्षं मागे लागल्यात, वाइल्ड हॉर्स २४ तास करा. यात खरी गरज माणसांची आहे, रात्रपाळीला ऑफिसर, ट्रक तपासायला जागा, जनावरं न्यायची तर तपासणीला डॉक्टर, आणि हे दोन्ही बाजूंना एकाच वेळी हवं, कारण कॅनडाने गेट उघडं ठेवलं आणि अमेरिकेने पाचला कुलूप लावलं तर ट्रक मध्येच. अडतं ते इथेच. ट्रॅफिक कमी म्हणून वेळ वाढत नाही आणि वेळ कमी म्हणून ट्रॅफिक वाढत नाही.

आता आपलं बघा. बांगलादेशला जाणारा नाशिकचा कांदा पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर, हिली अशा नाक्यांवरून जातो. पेट्रापोलला २०१६ ला मोठी चेकपोस्ट झाली, २०१७ पासून २४ तास काम सुरू झालं, चांगलं झालं. बाकीच्या तिघांची नावं तरी आपल्याकडे किती जणांना माहीत आहेत? १४ सप्टेंबर २०२० ला अचानक बंदी आली तेव्हा याच नाक्यांवर भरलेले ट्रक अडकले आणि कांदा सडला. बंगालची दमट हवा, वर ताडपत्री, जाळीच्या गोणीतून कोंब बाहेर आलेले आणि खालून पाणी गळतंय, ज्याने चाळीत कांदा सांभाळलाय त्याला तो वास सांगायला नको.

कोणी म्हणेल, बंदीच असेल तर २४ तासाचं गेट काय कामाचं. बरोबर आहे. मे २००३ मध्ये अल्बर्टातल्या एका गाईत मॅड काऊ हा गुरांचा रोग सापडला आणि अमेरिकेने कॅनडाच्या गुरांना दार लावलं ते जुलै २००५ पर्यंत, आणि तेही ३० महिन्यांच्या आतल्याच गुरांसाठी उघडलं. तेव्हा कूट्सचं रात्रंदिवस चालू असणं गोपालकांच्या उपयोगी पडलं नाही. त्यामुळे बंदीविरुद्धची लढाई सोडा असं मी अजिबात म्हणत नाही. पण बंदी नसलेले दिवसही असतातच ना, आणि त्या दिवसांत नाक्यावर दोन दिवस उभा राहिलेल्या ट्रकचं भाडं, घटलेलं वजन, खराब झालेला माल हे सगळं व्यापारी लासलगावला बोली लावतानाच धरतो. ते पैसे जातात शेतकऱ्याच्या खिशातून आणि पावतीवर त्याचा कुठेही उल्लेख नसतो, म्हणूनच त्यावर आंदोलन होत नाही.

पुढच्या वेळी खासदार गावात आले की शुल्काबरोबर हेही विचारा राव, महदीपूरला रात्री माल सुटतो का, हिलीला कांद्याचे किती ट्रक सावलीत उभे राहू शकतात, आणि पलीकडे त्याच वेळेला बांगलादेशचा ऑफिसर खुर्चीवर असतो का.