महागड्या दुकानातून कंटाळवाणं घ्यावं

परवा एका मैत्रिणीने भर रस्त्यात विचारलं, "काटकसरीच्या गप्पा मारतेस आणि खरेदी मार्क्स अँड स्पेन्सरमधून?" हातात त्याच महागड्या ब्रिटिश दुकानाची पिशवी होती, त्यामुळे तिथल्या तिथे नीट उत्तर सुचलं नाही. म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही सोळा वर्षं इंग्लंडात, रेडिंगला राहतोय. इथली हाय स्ट्रीट म्हणजे गावातला मुख्य बाजाररस्ता. आपला लक्ष्मी रोडच, फक्त घासाघीस वजा. आमच्याकडे ती ब्रॉड स्ट्रीट. मार्क्स तिथेच, जॉन लुईस हे तसलंच दुसरं महागडं दुकानही तिथेच. सुरुवातीची काही वर्षं मी या दोन्ही दुकानांत फक्त उबेला जायचे. जानेवारीत बस चुकली की आत शिरायचं, सरकत्या जिन्याने वर जायचं, एखाद्या लोकरीच्या कोटावरून हात फिरवायचा, किमतीची चिठ्ठी उलटून बघायची आणि मुकाट खाली यायचं. खरी खरेदी व्हायची ती पलीकडच्या स्वस्तातल्या दुकानात. चार पौंडांचा टॉप, पाच पौंडांची पँट. घरी आल्यावर वाटायचं, काय वाचवले पैसे!

किती वाचवले ते आई आली तेव्हा कळलं.

आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आली होती. साताऱ्याला तिने तीसेक वर्षं घरी ब्लाऊज, परकर आणि पोरांचे गणवेश शिवलेत. तिच्या हातात कुठलाही कपडा द्या, आधी तो उलटा होणार. सुलट बाजू ती बघतच नाही. ती म्हणते, ती काय सगळ्यांनाच दिसते. लेकाच्या शाळेसाठी मी आणलेल्या दोन पँटी तिने अशाच उलट्या केल्या, चष्मा कपाळावर सरकवून शिवण डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली, "अगं, माया कुठाय ह्यात?"

शिवणकामाच्या घरात वाढलेल्यांना हे सांगायला नको. टिपेच्या आत राखून ठेवलेलं जादा कापड म्हणजे माया. पोर वाढलं की उसवायचं, माया सोडायची, गणवेश आणखी एक वर्ष निघतो. आमची लहानपणं अशीच निघाली. या पँटीत टीप आणि कापडाची कड यांच्यात करंगळीच्या नखाएवढीही जागा नव्हती. खालची दुमड ओव्हरलॉक मारून एकदाच आत वळवलेली, बस्स. आईने दोन्ही हातांनी मधली शिवण ताणली तर टाक्यांमधून उजेड दिसायला लागला. तिसऱ्या आठवड्यात फुटबॉल खेळताना ती तिथेच फाटली. उरलेला दिवस पोरगा कमरेला स्वेटर बांधून फिरला.

मग आईला घेऊन मार्क्समध्ये गेले. तिने शाळेच्या कपड्यांच्या रॅकसमोर बाजारात भाजी निवडावी तशा पँटी निवडल्या. खिसा बाहेर काढून त्याचं कापड चुरगळून बघितलं. कमरेच्या आत भोकं पाडलेलं इलॅस्टिक आणि ते अडकवायला बटण असतं, पोट सुटलं-आटलं तसं कमीजास्त करायला, ते तिला फार आवडलं. "हे डोकं चालवून केलंय," म्हणाली. किंमत ऐकून मनातल्या मनात एकशेदहाने गुणलं, तोंड वाकडं केलं, पुन्हा शिवण बघितली आणि म्हणाली, "घे." ती पँट त्याने वर्षभर रोज घातली, मग शेजारच्या धाकट्याने घातली. स्वस्तातल्या पँटींचा त्या आधीच्या वर्षातला हिशोब काढला तर चार जोड्या निघाल्या. पुढे मी हिशोब काढला नाही. लाज वाटली.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय, पटलं तर बघा: महागड्या दुकानातून कंटाळवाण्या वस्तू घ्याव्यात. बनियन, मोजे, शाळेचे शर्ट, ऑफिसची काळी पँट, टॉवेल, उशीचे अभ्रे. ज्याचा कुणी फोटो काढत नाही आणि जे आठवड्यातून तीनदा धुतलं जातं, ते सगळं. या वस्तूंवर दुकानाची इभ्रत उभी असते, त्या वर्षानुवर्षं त्याच राहतात, आणि फॅशन म्हणून त्यांच्यावर जादा पैसे लावता येत नाहीत. उलट दारातच पुतळ्याच्या अंगावर जे झगमगतं, त्यात तुम्ही पुतळ्याचे, दिव्यांचे आणि खिडकीचे पैसे भरता. तसलं काही हवं असेल तर खुशाल स्वस्तात घ्या, दोनदा घालून विसरायचंच असतं ते.

अंगाने बारीक आणि उंचीने बेताच्या बायकांसाठी एक गुपित. माझी उंची पाच फूट. इथे मोठ्यांच्या कपड्यांवर २० टक्के व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा कर लागतो, लहान मुलांच्या कपड्यांवर शून्य. आमच्या ऑफिसात माझ्या ज्या नेव्ही ब्लू कार्डिगनचं कौतुक होतं, ते मुलींच्या शाळेच्या विभागातलं आहे, वय वर्षं १३-१४. बटणं तेवढी बदलली. नवरा म्हणतो दप्तरही घे.

ज्या दुकानाची पायरी चढायला मी इतकी वर्षं बिचकले, ते मुळात गरिबांचं दुकान होतं. मायकेल मार्क्स हा रशियन साम्राज्यातून आलेला ज्यू निर्वासित. १८८४ मध्ये त्याने लीड्सच्या कर्कगेट मार्केटमध्ये ठेला मांडला. इंग्रजी धड येत नव्हतं, त्यामुळे घासाघीस करणार तरी कशी? त्याने पाटीच लावली: किंमत विचारू नका, सगळं एक पेनी. आपल्याकडे जत्रेत ओरडतात ना, 'कुठलीही वस्तू घ्या दहा रुपये', तीच युक्ती. टॉमस स्पेन्सर भागीदार झाला तो १८९४ मध्ये, ३०० पौंड घालून. हे वाचल्यावर माझी भीड चेपली. परदेशातून आलेल्या, इंग्रजीला घाबरणाऱ्या माणसाचंच दुकान निघालं की हे.

आता खाण्याचं. इथे मात्र हात आखडता घ्या. मार्क्सचा फूडहॉल म्हणजे मोहाचा बाजार. सोललेलं डाळिंब, चिरलेला आंबा, छोट्या डबीतले मोड आलेले मूग. मूग! रात्री भिजत घाला आणि फडक्यात बांधा, एवढंच तर करायचं असतं. त्या डबीकडे बघून आईने कपाळावर हात मारला होता. पण तिथेही कंटाळवाणं शोधलं की सापडतं. दूध, ब्रेड, डब्यातले टोमॅटो, पास्ता असल्या रोजच्या वस्तूंचं एक वेगळं स्वस्त लेबल असतं, ते बहुधा सगळ्यात खालच्या फळीवर. वाका जरा. वेटरोज या दुसऱ्या महागड्या सुपरमार्केटमध्येही 'इसेन्शियल' नावाची अशीच मालिका २००९ पासून आहे. त्यात काय काय 'अत्यावश्यक' मानलंय यावरून इंग्रज लोक स्वतःच विनोद करतात, पण चणे आणि लोणी चांगलं मिळतं.

आणि पिवळी चिठ्ठी. ज्या मालाची तारीख त्या दिवशी संपते, त्यावर संध्याकाळी पिवळं स्टिकर लावून किंमत उतरवतात. वेळ प्रत्येक दुकानाची निराळी, ती हेरून ठेवावी लागते. आमच्या इथे साडेसहाच्या सुमाराला एक मुलगी स्टिकरचं यंत्र घेऊन निघते आणि तिच्या मागे आम्ही चार-पाच जण सहज फिरतोय असं दाखवत फिरतो. एकमेकांना ओळखतो, बोलत कोणीच नाही. एक सूटबूटवाले आजोबा आहेत, ते ट्रॉलीच आडवी लावतात. एक ध्यानात ठेवा, 'यूज बाय' म्हणजे त्या तारखेनंतर खायचं नाही, आणि 'बेस्ट बिफोर' म्हणजे नंतर चव थोडी उतरेल एवढंच. फळं-भाज्यांच्या बऱ्याच पाकिटांवरची ही दुसरी तारीख मार्क्सने २०२२ मध्ये काढूनच टाकली. भेंडी हाताने मोडून बघणाऱ्या आपल्या लोकांना तिची गरज नव्हतीच.

सेलबद्दल माझ्या तोंडून चांगलं ऐकायला मिळणार नाही. २६ डिसेंबरला इथे सेल लागतात. एका वर्षी एका नामांकित दुकानातून, नाव घेत नाही, साठ टक्के सवलतीत उंटाच्या रंगाचा लांब कोट आणला. 'वूल ब्लेंड' लिहिलेलं होतं. घरी आल्यावर आतली चिठ्ठी वाचली: लोकर दहा टक्के, उरलेलं पॉलिएस्टर. फेब्रुवारीपर्यंत काखेत बोंडं आली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! पण दोष मी मलाच देते. तीसेक वर्षं उलट बाजू बघणाऱ्या बाईची मी मुलगी, आणि पाटीवरचा लाल आकडा बघून घेतला. आता आधी आतली चिठ्ठी, मग किमतीची.

परत करण्याच्या सोयीचीही किंमत धरा. कपडा सदोष असेल तर तीस दिवसांत पैसे परत मागायचा हक्क इथल्या २०१५ च्या कायद्याने आहे. पण दुकानात जाऊन घेतलेली धडधाकट वस्तू केवळ मन बदललं म्हणून परत घ्यायचं बंधन कुणावरच नाही. ती दुकानाची मर्जी. चांगली दुकानं ती सोय ठेवतात, आणि त्या जादा पैशांत तुम्ही तीच विकत घेत असता. मग वापरा ना! आपले लोक पावती हरवतात आणि संकोचाने न होणारा शर्ट चार वर्षं कपाटात ठेवतात. जॉन लुईसचंही तेच. 'आमच्यापेक्षा स्वस्त कुठे मिळालं तर फरक देऊ' ही त्यांची १९२५ पासूनची हमी २०२२ मध्ये बंद झाली आणि २०२४ मध्ये परत आली, काही ठरावीक दुकानांपुरती. विजेच्या वस्तूंवर दोन वर्षांची गॅरंटी वेगळे पैसे न देता मिळते. इस्त्री, मिक्सर घेताना मी म्हणूनच तिथे जाते. आईसाठी शिलाई मशीनही तिथूनच घेतलं, छोटंसं, खेळण्यासारखं. "ह्याच्यावर बाहुलीचं झबलं होईल," म्हणाली, पण मांडीवरून उतरवलं नाही.

शेवटचं दुकान हाय स्ट्रीटवरचं नाही. नदीपलीकडे कॅव्हरशॅम म्हणून जरा पैसेवाल्यांची वस्ती आहे. तिथल्या चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे लोकांनी दान केलेल्या वस्तू विकणाऱ्या दुकानात, या महागड्या दुकानांचाच माल येतो, दुसऱ्या हाताचा. मी तिथे 'सेंट मायकेल' हे लेबल शोधते. मार्क्सच्या मालावर ते १९२८ पासून असायचं, २००० मध्ये बंद केलं. म्हणजे ते लेबल दिसलं की कपडा पंचवीस वर्षं टिकलेला आहे, आणखी कसली परीक्षा घ्यायची?

आई परत जायच्या आधीच्या आठवड्यात तिथे एक लोकरीचा स्कर्ट मिळाला, करड्या रंगाचा, अस्तर लावलेला, सहा पौंडांना. कमरेत मला घट्ट होत होता. मी ठेवून देत होते, तर आईने हातातून घेतला, उलटा केला आणि दुकानातच जवळजवळ ओरडली, "दोन्ही बाजूंना इंच इंच माया आहे गं!"

घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने ब्लेडने तो उसवला. जुना दोरा इतका चिवट की दोनदा ब्लेड बदलावं लागलं. ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली तरी जुन्या शिवणीची रेघ काही पूर्ण गेली नाही, तेव्हा तिने त्याच रेघेवर बारीक टीप मारून दिली, मुद्दाम केलेल्या नक्षीसारखी. सोमवारी ऑफिसात दोघींनी विचारलं, कुठून घेतलास. म्हटलं, मार्क्समधून.