टक्क्याचं बटण

आमच्या घरी यंदा दहावी आहे. म्हणजे मुलगी दहावीत आहे, पण सगळे असंच सांगतात, घरात कुणाला तरी काहीतरी झाल्यासारखं, आणि ऐकणाराही आवाज खाली आणून "मग? कधी संपतंय?" असंच विचारतो.

गणित मी घ्यायचं असं ठरलं कारण मी सिव्हिलवाला. इंजिनिअर म्हणजे गणितात हुशार, ही बायकोच्या माहेरची समजूत. लग्न ठरताना मी ती दुरुस्त केली नाही, आता सतरा वर्षांनी व्याजासकट फेडतोय.

खरं सांगायचं तर सात आठे म्हटलं की माझ्या पोटात अजूनही एक बारीक कळ येते. छप्पन की चोपन्न, हे मी आधी मनात ठरवतो आणि मग मोबाईल काढतो. पण पोरीसमोर काढता येत नाही ना! बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे "मोबाईलला हात लावायचा नाही, हाताने कर" हे वाक्य घरात रोज मीच म्हणतो आणि चांगलं खड्या आवाजात म्हणतो.

दहावीच्या बीजगणितात हल्ली अर्थनियोजन नावाचा धडा असतो. जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड. धडा चांगला आहे, आमच्या वेळी असता तर मीही दोनचार पैसे नीट गुंतवले असते. पण गंमत बघा, जे बिल करायला एकही दुकानदार कॅल्क्युलेटरशिवाय बसत नाही तेच बिल पोरांनी कागदावर गुणाकार करून काढायचं. पुढे बारावीला फिजिक्स-केमिस्ट्रीत लॉगटेबल हातात देतात, आणि इंजिनिअरिंगला गेलं की पहिल्याच आठवड्यात सर ओरडतात, सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणला नसेल त्याने प्रॅक्टिकलला बसू नये! मधल्या सुट्टीत पोरांना असा काय साक्षात्कार होतो कुणास ठाऊक.

तर परवा रात्रीची गोष्ट. गणित होतं, ४५०० रुपयांच्या वस्तूवर १८ टक्के जीएसटी, एकूण बिल किती. पोरीने ९ टक्के सीजीएसटी ४०५, ९ टक्के एसजीएसटी ४०५, मिळून ५३१० काढले आणि वही माझ्यापुढे सरकवली. मी चष्मा वर केला, "हं" म्हटलं, आणि टेबलाखाली मांडीवर ठेवलेला कॅल्क्युलेटर चाचपला. हा मोबाईलमधला नाही बरं का, सोसायटीचा खजिनदार झालो तेव्हा घेतलेला चांगला बारा आकडी, जीटी बटणवाला, दुकानात असतो तसला. ४५००, अधिक, १८, टक्के. खाली बघितलं तर ५४८७.८०.

"चुकलंय."

"कुठे चुकलंय?"

"परत कर. पाच हजार चारशे सत्त्याऐंशी रुपये ऐंशी पैसे यायला हवेत."

"सत्त्याऐंशी म्हणजे?" (सेमीत आहे ती.)

"एटी सेव्हन."

तिने परत केलं. ५३१०. मी परत दाबलं. ५४८७.८०. मशीनवर माझा विश्वास आणि पोरीवर माझा अविश्वास, दोन्ही पक्के, त्यामुळे मी बेसिक कच्चं असण्यावर पाचेक मिनिटं बोललो. ती शांतपणे ऐकत होती, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मग तिने पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही करून दाखवा."

शेजारी माझी आई लसूण सोलत बसली होती. तिला साडेतीनचा पाढा येतो, औटकी म्हणतात त्याला, पण ती अशा वेळी कधीच मदतीला येत नाही, फक्त बघते.

मी केलं. शंभराला अठरा, हजाराला एकशे ऐंशी, चार हजाराला सातशे वीस, पाचशेला नव्वद. आठशे दहा. ५३१०. तेवढ्यात माझी मांडी हलली आणि कॅल्क्युलेटर फरशीवर खणकन.

पुढचं सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या इलेक्ट्रिकवाल्याला विचारलं. तो हसला. "साहेब, तुमच्या मशीनमध्ये अधिक करून टक्का दाबला की तो नफ्याचा टक्का होतो. माल ४५०० ला पडला आणि विक्रीच्या शंभरातले अठरा आपले सुटले पाहिजेत, तर मालाचे उरतात ब्याऐंशी. म्हणून ते ४५०० ला ब्याऐंशीने भागून शंभराने गुणतं. टॅक्स लावायचा तर गुणिले करून टक्का दाबा, ८१० येतील, ते मिळवा." म्हणजे मशीन बरोबरच होतं. मी विचारलं एक आणि त्याला ऐकू आलं दुसरं, आमच्या घरी हे माणसांतही होतं.

तसा हा माझा पहिला अपघात नाही. कॉलेजात सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, लावून पाण्याच्या टाकीची उंची काढायची होती. अंतर २० मीटर, कोन ३० अंश, टॅन घ्यायचा आणि गुणायचं, दहा सेकंदांचं काम. माझा कॅल्क्युलेटर आदल्या दिवसापासून अंशांऐवजी रेडियनवर, म्हणजे कोनाच्या दुसऱ्याच मापावर, होता. उत्तर आलं उणे १२८ मीटर आणि मी ते दोन दशांश स्थळांपर्यंत सुवाच्य अक्षरात लिहून सबमिटही केलं. टाकी समोर उभी होती, वर कावळे बसले होते. सरांनी वही वाचली, टाकीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "टाकी आहे का बोअर?" पुढची तीन वर्षं हॉस्टेलवर मला बोअरच म्हणायचे.

हा किस्सा मी घरी कधीच सांगितला नव्हता. परवा आईने सांगितला, लसूण सोलता सोलता. तिला तो कुणी सांगितला हे शोधतोय.

कॅल्क्युलेटर सध्या पोरीच्या ताब्यात आहे. मेंटेनन्सचा हिशोब करायचा तर मागून घ्यावा लागतो. काल मागितला तर टक्क्याच्या बटणावर चिकटपट्टी लावलेली आणि वर बॉलपेनने लिहिलेलं, "पप्पा, हे दाबू नका."